मुंबईच्या जुन्या हॉटेलातली खोली आणि आपल्या वाड्यांतलं लाकूड

पऱ्हाटी (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, मागच्या आठवड्यात लेकीच्या पदवीदानासाठी मुंबईला गेले होते. सोबत आई, वय ७६. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं गेलो आणि सकाळी सीएसएमटीला उतरलो. दोन रात्री फोर्टातल्या एका जुन्या इमारतीतल्या हॉटेलात राहिलो. लेकीनंच ठरवलं होतं. "आई, तिथं सगळं जुनं सामान आहे, आजीला आवडेल," एवढंच म्हणाली होती. नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

आधी खोली सांगते. चौदा-पंधरा फूट उंच छत, वर सागाचे उघडे सर, म्हणजे लाकडी तुळया. खाली रंगीत नक्षीच्या विलायती फरशा, मधोमध घासून रंग उडालेल्या. शिसवीचा छपरी पलंग, चारी खांब कातलेले. एक लांब हातांची आरामखुर्ची, पाय पसरून हातांवर टेकवायची असते ती, बैठक वेताची विणलेली. आईनं खुर्ची पाहिल्याबरोबर पदर खोचला, खाली वाकून वेत हातानं दाबून पाहिला अन् म्हणाली, "मामंजींची अशीच होती. ढेपाळली तवा मीच इनली होती." चाळीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं की आईला वेत विणता येतो.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला ते. खोलीच्या कोपऱ्यात चहाचं टेबल म्हणून एक लाकडी मांडणी होती. तीन कमानी, वर छोटं शिखर, त्याचा कळस तुटलेला. आत किटली, साखरेच्या पुड्या, कपबश्या. मला आधी कळलंच नाही. आई मात्र समोर जाऊन थबकली. "हा तं देव्हारा हाय व माय. याच्यात कपबश्या कोनं ठेवल्या?" मी म्हटलं, आई, तसा दिसत असेल. तिनं बोट जिभेला लावून ओलं केलं आणि कमानीच्या नक्षीतल्या खाचेत फिरवलं. बोट लाल झालं. कुंकू होतं, नक्षीत घट्ट बसलेलं. मधल्या कमानीचं छत निरांजनाच्या काजळीनं काळं होतं. पॉलिश करणाऱ्याचा हात तिथवर पोचलाच नव्हता.

खोली आवरायला आलेल्या पोराला आईनं विचारलं, हे कुठून आणलं? त्याला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं, "बाबू, हे देवाचं घर हाय. कपबश्या दुसरीकडं ठेव." पोरगा उत्तर प्रदेशचा. एका शब्दानं उलट बोलला नाही, सगळं उचलून खिडकीजवळच्या मेजावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी समारंभाहून परत आलो तर मधल्या कमानीत एक जास्वंदीचं फूल होतं.

आमच्या वाड्यातला देव्हारा, दारव्हा तालुक्यातला, काकांनी स्लॅब टाकला त्या साली भंगारवाल्यानं नेला. १२०० रुपयांत, सोबत दोन पितळी घंगाळं. त्या रात्री आई पलंगावर पडून किती तरी वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत होती.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, असल्या हॉटेलांत आपल्याकडचे कोणी राहिलेत का, म्हाताऱ्या माणसाला घेऊन? दुसरी खरी आणि घाईची. काकांकडे वाड्याच्या दिंडी दरवाज्यासाठी गिऱ्हाईक येतंय, येत्या शुक्रवारी. काकांना कसं थांबवू, आणि थांबवावं का?

सांजवात (सोमवार, रात्री १०:०५)

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरचा देव्हारा आहे अजून, पण त्यात पोरांची दप्तरं असतात. उद्याच रिकामा करते.

तक्रारी काय होत्या ते पण सांगा ना. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूसाठी मुंबईला न्यायचंय, भाचा असंच काहीतरी बुक करतो म्हणतोय.

पऱ्हाटी (सोमवार, रात्री १०:३१)

सांगते. लिफ्ट जुनी जाळीची, दोन दारं हातानं ओढून लावायची. एक दार नीट लागलं नाही तर जागची हलत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी बंदच होती, आणि हे आधी कोणी सांगितलं नाही. आईला दुसऱ्या मजल्यावर लाकडी जिन्यानं चढवलं. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. पलंग एवढा उंच की खाली पाट मागवावा लागला. खिडकी पूर्ण मिटत नव्हती, रात्री एकपर्यंत रस्त्याचा आवाज. न्हाणीत धरायला दांडी नाही. मोबाइल लावायचं बटण पलंगापासून दहा फुटांवर.

सासूबाईंना ऑपरेशनसाठी नेणार असाल तर नका नेऊ. दवाखान्याजवळची साधी, लिफ्टची खोली घ्या. फिरायला नेणार असाल तर जरूर न्या, पण फोन करून चार गोष्टी विचारा: लिफ्ट चालू आहे का, खोली रस्त्यावर आहे का मागच्या अंगाला, पलंग किती उंच, न्हाणीत उंबरा आहे का. भाडं विचारताना करासकट विचारा. रात्रीचे ७५०० च्या वर गेले की जीएसटी १८ टक्के लागतो. आमचं भाडं त्याच्या आत होतं, तरी आपल्या हिशेबानं फार.

फळा_खडू (मंगळवार, सकाळी ६:५०)

निवृत्त शिक्षक आहे, इतिहास शिकवला. ताई, तुम्ही फोर्टात राहिलात तर राजाबाई टॉवर पाहिलाच असेल. तो १८७८ साली पुरा झाला. पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव त्यांच्या आईचं. हे प्रेमचंद म्हणजे कापसाच्या तेजीतले सर्वांत मोठे सौदागर.

ती तेजी कशी आली हे आपल्या पोरांना सांगायला हवं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपला वऱ्हाडचा कापूस त्यात होता. त्याच दशकात मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती पाडल्या, मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे त्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. मुंबईत कापसाच्या गाठी आधी फोर्टात, मग कुलाब्याला, मग शिवडीच्या बाजूला उतरायच्या. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव त्यावरून. पुढे आपली शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस आणायची ती याच बाजारासाठी.

युद्ध संपलं, भाव कोसळला, प्रेमचंदही बुडाले. पण कापसाचा पैसा इथेही मुरला होता. जुन्या बाजारपेठांच्या गावांत मोठे वाडे दिसतात, दिंडी दरवाजे, कोरीव खांब, ते बहुतेक कापसावर उभे राहिलेत. म्हणून माझं म्हणणं असं की मुंबईचं ते हॉटेल आणि तुमचा वाडा एकाच पिकावर उभे आहेत. तिथलं जपलं गेलं कारण त्याला भाडं मिळतं. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींची नियमावली आहे, श्रेणी ठरलेल्या आहेत, मालकाला मनाला येईल तसं पाडता येत नाही. आपल्या गावठाणात कोण विचारतो?

खारपाणपट्टा (मंगळवार, सकाळी ९:१५)

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला बोलू द्या. मी आमचा वाडा उकलला. २०१९ मध्ये. अकोल्याकडचं खारं पाणी तुम्हाला माहीत आहे, विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, सगळी शेती पावसावर. दोन वर्षं लागोपाठ हातात काही आलं नाही. वाड्याची मागची भिंत पावसात बसली, माती आणि भेंड्या, म्हणजे भिंतीतली मातीची ढेकळं, पोरांच्या अंथरुणावर आली. त्या रात्री आम्ही सहा जण शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. ग्रामपंचायतीत घराची नोंद असते त्या नमुना ८ वर पाच नावं, दुरुस्तीला एकाचाही रुपया नाही, विकायला मात्र सगळ्यांची सही आली.

सर, खांब विकले, दरवाजा विकला, त्या पैशातून दोन खोल्या बांधल्या. माझी पोरं कोरडी झोपतात. मला त्याचा पश्चात्ताप नाही. दरवाजा गाडीत चढवला तेव्हा माझे वडील ओसरीत बसून होते, काही बोलले नाहीत. ते मात्र आठवतं.

पऱ्हाटी (मंगळवार, दुपारी १:२०)

दादा, तुम्ही चुकलात असं मी म्हणूच शकत नाही. पोरांवर भिंत पडते तिथं कसला वारसा. माझ्या काकांचंही तेच आहे, ओसरीचं छत गळतंय आणि त्याचे पैसे ते दरवाज्यातून काढणार आहेत. म्हणून तर इथं विचारलं. नुसतं "विकू नका" म्हणायला मला तोंड नाही.

रंधा_पटाशी (मंगळवार, रात्री ८:४५)

मी सुतार आहे, उमरेडकडे काम करतो, वडिलांपासूनचा धंदा. ताईंच्या दोन्ही प्रश्नांवर लिहितो.

हॉटेलात जे जुनं म्हणून ठेवतात ते सगळं जुनं नसतं. मुंबईत चोरबाजार आहे, ओशिवऱ्याला फर्निचरचा बाजार आहे. तिथं खरं जुनंही मिळतं आणि जुन्यासारखं नवंही बनतं. ओळखायचं असेल तर समोरून बघूच नका. कपाट असेल तर खण बाहेर काढा आणि तळाला हात फिरवा. जुना सुतार दिसणारी बाजूच रंधून गुळगुळीत करायचा, मागची तशीच सोडायचा. हातानं कापलेल्या फळीवर करवतीच्या सरळ रेघा असतात, यंत्राच्या गोल करवतीच्या रेघा वळणाच्या. सांध्यात लाकडाची खुंटी आहे का पाहा. झीज कुठे आहे ते पाहा, खुर्चीचा हात जिथं तळवा पडतो तिथंच झिजलेला हवा. सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिशपेपरची कमाल. तुमच्या आईनं ओल्या बोटानं कुंकू काढलं, त्याच्याएवढी पक्की परीक्षा मला पण सुचली नसती.

एक विनंती. असल्या मेजावर गरम कप थेट ठेवू नका. त्यावर चपड्याचं पॉलिश असतं. चपडा म्हणजे लाख, पळस-कुसुमाच्या झाडावर किडा करतो तीच, साफ करून पापडी केलेली. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं थरावर थर देतात. उष्णता आणि पाणी तिला सहन होत नाही, पांढरं वर्तुळ उठतं.

आता दरवाजा. विकायचा की नाही ते काका ठरवतील, पण आधी एवढं करा. चौकटीचा जमिनीत गेलेला भाग उकरून पाहा, वाळवी तिथूनच चढते. खाली बारीक भुसा पडतो का ते सकाळी झाडायच्या आधी पाहा. पडत असेल तर घुण जिवंत आहे, नसेल तर नुसती जुनी भोकं आहेत, भिऊ नका. दरवाज्यावर ऑइल पेंट मारला असेल तर पॉलिशपेपरनं घासू नका, नक्षी बोथट होते, आणि जुन्या रंगात शिसं असतं, ती भुकटी नाकात जाऊ नये. कोरड्या लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल पातळ हातानं द्या. आणि हे नीट वाचा: तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत सुकताना तापतं, चोळामोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. उन्हात पसरून सुकवा. आमच्या शेडमध्ये एकदा पेटलंय.

सागवनी (मंगळवार, रात्री ९:३०)

वनखात्यात नोकरी झाली, चंद्रपूर-गडचिरोलीकडे. रंधाभाऊंना एक जोड देतो. जुन्या वाड्यांतला साग आज बाजारात पैसे देऊन मिळत नाही. तो नैसर्गिक जंगलातला, सावकाश वाढलेला. तुळईच्या टोकाची वलयं मोजून पाहा, एकमेकांना चिकटून असतात. लागवडीच्या कोवळ्या सागाची वलयं रुंद आणि त्यात पांढरा भाग जास्त, तोच किडा खातो. असा म्हातारा साग उभा पाहायचा असेल तर आलापल्लीला जा, तिथं जंगलाचा एक तुकडा राखून ठेवलाय. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून साग गेला, नव्या संसदेसाठीही नागपूरच्या बाजारातला साग गेला. देश आपल्याकडून साग नेतो आणि आपण आपल्या ओसरीतला सरपणाच्या हिशेबानं देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

धानाची_बांधी (बुधवार, सकाळी ७:१०)

पहिल्या प्रश्नावर मी थोडं लिहितो. भंडाऱ्याचा आहे, आमच्याकडून कोलकाता मुंबईपेक्षा सोयीचं, नागपूरहून हावडा मेल. तिथं सडर स्ट्रीटवर १७८३ सालच्या घरातलं हॉटेल आहे, फेअरलॉन. मी त्यात राहिलो नाही, बागेत चहा घेतला. जुने फोटो, ताटल्या, छत्र्या भिंतींवर नुसते खच्चून. त्या मालकीणबाई व्हायोलेट स्मिथ २०१४ मध्ये वारल्या, तोवर त्यांनीच ते चालवलं. शशी कपूर आणि त्यांची बायको जेनिफर तिथं उतरायचे.

मला तिथं जे जाणवलं ते हे की सामान जपणारं एक माणूस लागतं. ताईंच्या हॉटेलातल्या देव्हाऱ्याला ते माणूस मिळालं नाही, त्या पोरानं दोन दिवस ती जागा भरून काढली.

तालुका_कोर्ट (बुधवार, रात्री १०:००)

वकील आहे. पऱ्हाटीताई, काकांना कायद्याची एक गोष्ट सांगा. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कोरीव कामाची वस्तू, किंवा इमारतीपासून सुटी केलेली वस्तू, त्यात येऊ शकते. तुमची वस्तू तुम्ही घरात ठेवायला काही अडचण नाही. पण असल्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. म्हणून पहिला प्रश्न, दरवाजा केवढा जुना? दुसरा, गिऱ्हाइकाकडे परवाना आहे का? तिसरा, नमुना ८ वर किती नावं आहेत? एकट्या काकांच्या सहीनं सामाईक वाड्याचा दरवाजा विकता येत नाही. हे भांडायला सांगू नका, शांतपणे सांगा.

पऱ्हाटी (गुरुवार, दुपारी ३:४५)

सगळ्यांचे आभार. आज सकाळी आईला घेऊन वाड्यावर गेले. सागवनीकाका, ओसरीच्या तुळईची वलयं मोजायला बसले, नव्वदच्या पुढे नजर चुकायला लागली. चौकटीच्या वरच्या पट्टीवर हिरव्या रंगाचे चार-पाच थर होते. आईनं उलथन्यानं नाही, नखानं थोडं खरवडलं आणि खाली अक्षरं निघाली: शके १८२९. म्हणजे १९०७. आईच्या आजेसासऱ्यांच्या वडिलांचा काळ.

काका आधी चिडले. "तुमचं बरं आहे, तुम्ही मुंबईच्या पलंगावर झोपून आले, गळतं माझ्या डोक्यावर." खरं होतं ते. मी काही बोलले नाही. आईनं त्यांना त्या देव्हाऱ्याची गोष्ट सांगितली, कुंकवापासून फुलापर्यंत. काका ऐकून उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. परत आले तेव्हा म्हणाले, छताचं काय ते सांगा.

ओसरी अठरा बाय बारा आहे. लाकडी सर चांगले आहेत, दोन आडव्या फाट्या कुजल्यात, आणि कवेलू (कौलं) निम्मे फुटलेत. नवीन टीन टाकायचं म्हटलं तर उन्हाळ्यात खाली बसवणार नाही. जुने कवेलू आता कुठं मिळतात का?

रंधा_पटाशी (गुरुवार, रात्री ८:२०)

दोन फाट्यांसाठी मी येतो ताई. मजुरी लागेल ती घेईन, पण लाकूड माझ्याकडे उकललेल्या घराचं पडून आहे, ते तसंच आणतो. गिऱ्हाईक उद्या येणार ना? त्याला फक्त बोलू द्या, दरवाज्याला हात लावू देऊ नका. हे लोक बोलता बोलता कडी-कोयंडा उतरवून घेतात.

पऱ्हाटी (शुक्रवार, रात्री ९:०५)

आला होता. दोघं होते, टेप घेऊन. बोटाच्या पेरानं फळी वाजवली, चाळीस हजार म्हणाले. काकांनी परवान्याचं विचारलं, शके दाखवला, सहा नावांचा नमुना ८ समोर ठेवला. ते म्हणाले, साहेबांना विचारून पुढच्या आठवड्यात येतो. काकांनी त्यांच्यासमोर दिंडी लावून आतून अडसर घातला. आई ओसरीवरच होती.

छताला मी, माझा भाऊ आणि चुलतभाऊ मिळून पैसे देतोय. कवेलू तेवढे अजून मिळाले नाहीत.

खारपाणपट्टा (शुक्रवार, रात्री ११:५०)

ताई, वाडा उकलला तेव्हाचे कवेलू मी विकले नव्हते, कोणी घेतलेच नाहीत. शेतात बाभळीखाली रचून ठेवलेत, सातशेच्या वर असतील. शेवाळ आलंय, पण फुटलेले नाहीत, आज संध्याकाळी जाऊन पाहून आलो. पैसे नकोत. ट्रॅक्टर तुमचा आणा, खाली तणस (भाताचा पेंढा) टाकून आणा, आडवे नाही, उभे रचायचे. माझे वडील सोबत बसून मोजून देतो म्हणतात.

पऱ्हाटी (शनिवार, सकाळी ५:४०)

दादा, रविवारी सकाळी काका आणि मी येतो. तणस आणतो. गावाचा रस्ता व्यक्तिगत संदेशात कळवा. वडिलांना सांगा, आई पण येते म्हणाली.